किल्ली मागायची नाही

दार आतून बंद झालं तेव्हा घरात तीन माणसं अशी होती की ज्यांच्यापुढे एकही कुलूप टिकत नसे, आणि चौथा असा की ज्याच्याने स्वतःची सूटकेससुद्धा धड उघडत नसे.

चौथा म्हणजे थोरला. बाळाचा बाप. तो दुकानात गल्ल्यावर बसायचा, कारण त्याला हत्यारांना हात लावू देण्यात कुणालाच अर्थ वाटत नव्हता. बाकीचे तिघे पुढच्या खोलीत फोटोसाठी खुर्च्या ओढत होते. मधली खुर्ची उस्तादांची. त्यांना गिऱ्हाइकांपासून पोटच्या पोरांपर्यंत सगळेच उस्ताद म्हणत. उजवीकडे ताई, जिचं तिजोऱ्यांचं दुकान आता बापाच्या दुकानापेक्षा मोठं झालं होतं, आणि ही गोष्ट ती फक्त जेवताना काढायची. म्हणजे माहेरी आली की रोज. डावीकडे धाकटा. बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं विकायला लागल्यापासून त्याला किल्ली या वस्तूचीच कीव येऊ लागली होती.

"उजेड चांगलाय," फोटोग्राफर खिडकीकडे बघत म्हणाला. "पण फार वेळ राहणार नाही. बाळाची आई कुठंय?"

"येईल. तयार होत असेल," ताई म्हणाली.

तयार होत नव्हती. हे फक्त उस्तादांच्या बायकोला, माईंना, ठाऊक होतं. बाळाला खांद्यावर टाकून त्या बोळातून येत होत्या, आणि बोळाच्या टोकाला त्यांनी कितीतरी वर्षांत न ऐकलेला आवाज ऐकला. खट्. मग, जरा दम खाऊन, आणखी एक खट्.

या घरात कुठल्याच दाराला आतून कडी नव्हती. उस्तादांचं म्हणणं असं, की घरातल्या घरात लावून काय उपयोग, लावलेलं आपण उघडणारच. मग मधल्यामध्ये कडीचा खर्च कशाला? अपवाद एकच, नमुन्यांची खोली. तिथे जुनी कुलपं मांडून ठेवली होती, एक पलंग होता, आणि दारात उस्तादांनी ऐन पंचविशीत घडवलेलं, आतून-बाहेरून एकाच किल्लीने लागणारं कुलूप बसवलेलं होतं. ते घेऊन ते कारागिरांच्या मेळाव्यात गेले होते. भल्याभल्यांनी घाम गाळला, कुणाच्याने उघडलं नाही. तेव्हापासून उस्ताद. त्या कुलपाची किल्ली दाराच्या वरच्या खिळ्याला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लटकत असायची. तिला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा आदराने बसायची.

आता खिळा मोकळा होता.

दाराबाहेर

माईंनी बोळातलं स्टूल पायानेच ओढलं आणि दाराला खेटून बसल्या. बाळ खांद्यावर झोपलेलं.

"पोरी?"

माईंनी तोंड दाराच्या फटीजवळ नेलं.

"मी एकटी आहे. बाळ आहे, पण ते कुणाला सांगणार नाही."

"माई, बाहेर ये म्हणू नका."

"कुठं म्हणतेय?"

"मला फोटोत हसता येणार नाही. सकाळपासून आरशासमोर करून बघतेय. तोंड हलतं, पण हसू येत नाही."

सून वाचनालयात काम करायची. सगळ्यांना शांत बसायला सांगणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा, आणि नशीब असं की सासर मिळालं ते दिवसभर कानसा घासणाऱ्यांचं. लग्नानंतर ती यावर स्वतःच विनोद करायची. बाळ घरी आल्यापासून तो विनोद कुणी ऐकला नव्हता.

"हिला बघून मला काही वाटतच नाही, माई." आवाज खालून येत होता; ती दाराला पाठ लावून जमिनीवर बसली असावी. "सगळे विचारतात, कसं वाटतंय आई होऊन? मी म्हणते, छान. आणि आत नुसतं कोरडं. ही झोपते तेव्हा मी जागीच. हिचा श्वास चालू आहे का ते बघत राहते. उचलली की वाटतं, माझ्या हातून पडणार. म्हणून तुमच्याकडे दिली आणि इथं आले."

बाळंतपणानंतर घरी तपासायला येणाऱ्या नर्सबाईंनी माईंना जाताना बाजूला घेऊन सांगितलं होतं: असं काही दिसलं तर आडून विचारू नका, सरळ विचारा. विचारल्याने मनात भरत नाही. असलं तर बाहेर येतं. माईंनी तेव्हा मान हलवली होती. मान हलवणं सोपं असतं. आता खरंच विचारायची वेळ आली होती.

"पोरी, सरळ विचारते. जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?"

माईंच्या खांद्यावर बाळाच्या नाकात शिट्टी वाजत होती.

"मरावंसं नाही वाटत," सून म्हणाली. "निघून जावंसं वाटतं. कुठंतरी जिथं कुणी मला हाक मारणार नाही. आणि झोपावंसं वाटतं. माई, हे विचारलंत तुम्ही... आजवर कुणी विचारलंच नाही."

"तिथं आत धारेची हत्यारं नाहीत ना?"

"कुलपं आहेत नुसती."

"मग ऐक. तू पलंगावर आडवी हो. या खोलीत तुला हाक मारायला कुणी येणार नाही, ते माझ्याकडे लागलं. पण दोन अटी. पहिली, किल्ली दाराखालून माझ्याकडे सरकव. बाकी कुणी आत येणार नाही, पण मला येता आलं पाहिजे."

"आणि दुसरी?"

"उद्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं. मी येते बरोबर."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता कुलपं उघडायचे आकडे घेऊन इकडेच येतील. त्यांचं मी बघते."

फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि दाराखालून पितळी किल्ली निघाली. माईंनी ती उचलून कमरेला खोचली. थंडगार होती. मग त्या बाळाला थोपटत अशा चेहऱ्याने बसल्या, की जणू जन्मात त्यांनी किल्ली पाहिलीच नाही.

दाराच्या आत

दार बंद आहे.

पुन्हा दाराबाहेर

"आतून लावून घेतलंय?" सुनेला बोलवायला बोळात आलेल्या ताईचा आवाज चढला. "आपल्या घरात?"

"कुठलं दार?" तिच्यामागून आलेल्या उस्तादांनी विचारलं.

"तुमचंच."

उस्तादांच्या तोंडावर एकाच वेळी काळजी आणि अभिमान असे दोन्ही उमटले, आणि अभिमान जरा आधी उमटला, हे माईंच्या नजरेतून सुटलं नाही.

बाकीचेही बोळात आले. पाठोपाठ फोटोग्राफर, गळ्यात कॅमेरा. त्याने दाराकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि अगदी निरागसपणे विचारलं, "किल्ली नाहीये का?"

धाकटा असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ताईसुद्धा हसली. उस्ताद हसले नाहीत, पण त्यांनी फोटोग्राफरच्या खांद्यावर हात ठेवला, एखाद्या आजाऱ्याच्या ठेवावा तसा.

"बाळा, किल्लीने तर कुणीही उघडेल."

हा या घराचा पहिला धडा होता. पोर चालायला लागलं की त्याला शिकवायचे: किल्ली मागायची नाही. किल्ली मागितली म्हणजे हरलो. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तिने नवऱ्याला आधी हेच सांगितलं होतं. बिचारा आजही स्वतःच्या घराबाहेर किल्ली हरवली की पायरीवर बसून बायकोची वाट बघतो. आणि म्हणूनच त्या दुपारी, दाराला खेटून एक बाई कमरेला किल्ली खोचून बसलेली असताना, तीन तीन कारागिरांपैकी एकालाही तिला विचारायचं सुचलं नाही.

थोरला म्हणाला, "आधी तिच्याशी बोलूया का?"

"दार उघडलं की बोल," धाकटा म्हणाला आणि बाह्या सरसावल्या.

त्याने खिशातून दोन बारीक आकडे काढले. बोटाच्या ठशांचा व्यापारी झाला तरी आकडे सोडवत नव्हते. तो गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला, आणि आकडा कुलपात घालणार एवढ्यात माई म्हणाल्या, "जरा हिला धर रे, पाय झोपला माझा."

बाळ त्याच्या हातात. आकडे दातात. असा माणूस कुलूप उघडू शकत नाही, आणि बोलूही शकत नाही. माईंनी दोन्हींचा विचार केला होता. तिसऱ्या गोष्टीचा विचार बाळाने केला.

"अगं! ओलं केलं! शर्ट!"

"मग बदलून ये. फोटोत डाग दिसेल."

धाकटा गेला. शर्टावर शर्ट काढून बघण्यात त्याचा वेळ जातो, हे आईशिवाय कुणाला माहीत असणार?

मध्येच: न्हाणीघराविषयी

कडी न्हाणीघरालाही नव्हती. माई या घरात नवी सून म्हणून आल्या तेव्हा त्यांनी त्यावर उपाय काढला: गाणं. गाणं चालू म्हणजे आत माणूस. थोरला झाला त्या वर्षी माई दिवसातून तीन-तीनदा न्हाणीघरात जायच्या. अंगावर पाणी घ्यायच्या नाहीत. तांब्याने बादलीतलं पाणी बादलीतच ओतायच्या, आणि मोठ्याने गात गात रडायच्या. घरातले कौतुकाने म्हणायचे, बाळंतीण किती आनंदात आहे बघा, आणि स्वच्छ किती!

कुणी विचारलं नाही. माईंनी सांगितलं नाही. आपोआप ओसरलं, पण ओसरायला लागले ते महिने त्यांना आजही एखाद्या परक्या बाईचे वाटत.

पुन्हा दाराबाहेर, ताई

"सरका," ताई म्हणाली. तिच्याकडे चामडी घडी होती, तीत हत्यारं ओळीने झोपलेली. ती माहेरी पाहुणी म्हणून आली तरी ही घडी पर्समध्ये असायची.

"तू करणार?" माई म्हणाल्या. "बरं. धाकटा म्हणत होता, ताईला आता तिजोऱ्या विकता येतात, उघडता येत नाहीत."

"कोण म्हणत होता?"

"असंच आपलं."

"ए!" ताई बोळातून ओरडली. "मीच शिकवलंय तुला आकडा धरायला! डावा हात कुठला तेसुद्धा मी शिकवलंय!"

"काय झालं?" आतल्या खोलीतून धाकट्याचा आवाज, अर्धा शर्टातून, अर्धा बाहेरून.

पुढे जे झालं त्यात माईंना काही करावं लागलं नाही. बहीणभावाचं भांडण हे घराच्या विहिरीसारखं होतं. एकदा दोर सोडला की पाणी आपसूक येतं. पोरपणी कुणी कुणाची सायकल कुलूपबंद करून ठेवली होती, इथपर्यंत ते गेले. फोटोग्राफर पायरीवर बसून खिडकीतला उजेड भिंतीवरून वर वर सरकताना पाहत राहिला.

तरी ताई ती ताई. भांडता भांडता तिचा हात कुलपापाशी पोचला. एक खाच लागली. दुसरी लागली. तिचा आवाज हळू झाला, म्हणजे काम जमत चाललं होतं.

माई उस्तादांजवळ सरकल्या आणि कानाशी म्हणाल्या, "पोरगी हुशार निघाली हो. मेळाव्यातल्या भल्याभल्यांना नाही जमलं ते करून दाखवतेय. उद्या बाजारात होईल, उस्तादांचं कुलूप त्यांच्याच लेकीने उघडलं. म्हणजे आता तीच उस्ताद."

उस्तादांच्या मिशीला हलकासा कंप सुटला.

"ताई," ते म्हणाले, "बाजूला हो."

"लागलंय, उस्ताद! तिसरी खाच..."

"बाजूला हो म्हणतो ना. जुना धातू आहे. मोडेल. ते माझं काम."

"मग तुम्ही उघडताय?"

हा प्रश्न अवघड होता. आपलंच न उघडणारं कुलूप आपणच उघडलं तर ते न उघडणारं राहत नाही. नाही उघडलं तर आपण उस्ताद राहत नाही. उस्ताद दारासमोर उभे राहिले, दोन्हीकडून अडकलेले. माईंनी बाळाचं टोपडं नीट केलं. टोपडं नीटच होतं.

"पाहतो," ते शेवटी म्हणाले. "आधी ऐकावं लागतं."

त्यांनी दाराला कान लावला. कुलूप ऐकणं ही त्यांची विद्या. आतली पट्टी कुठे टेकलीय, स्प्रिंग कुठे दमलीय, हे ते कानाने सांगायचे. सगळे गप्प झाले.

आतून आवाज येत होता. घर्र्र. थोडा खंड. घर्र्र.

माई खोकल्या. मोठ्याने खोकल्या. पण उस्तादांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"स्प्रिंग सुटलीय?" आतल्या खोलीच्या दारात शर्टाची बटणं लावत उभा असलेला धाकटा कुजबुजला.

उस्तादांनी कान काढला नाही. लोखंड ऐकायला गेले होते, माणूस ऐकू आला होता. मग म्हणाले, "घोरतेय."

"काय?"

"सून घोरतेय. झोपलीय." त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "एवढी दमली होती?"

थोरला

"कमाल आहे," ताई म्हणाली. "घरात पाहुणे, फोटोवाला ताटकळलाय, आणि ही झोपलीय. बाळ आहे ना आपल्याकडे? तिच्याशिवाय काढून टाकू."

"नाही," थोरला म्हणाला.

त्याने या बोळात इतक्या ठामपणे काही म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे सगळे त्याच्याकडे वळले. तो लाल झाला, पण हटला नाही.

"आईला वगळून बाळाचा फोटो, म्हणजे चोरीचा माल पुढे ठेवून काढलेला फोटो. मी नाही उभा राहणार." मग तो माईंसमोर उकिडवा बसला आणि घरात कुणी कधी न विचारलेला प्रश्न त्याने विचारला. "माई, किल्ली कुणाकडे आहे?"

धाकट्याने कपाळाला हात लावला. "झालं. मागितली किल्ली."

"मागितली. मला आकडे येत नाहीत," थोरला म्हणाला. "आहे का तुझ्याकडे?"

माईंनी पदर बाजूला केला. कमरेची पितळी किल्ली चमकली. ताईच्या हातातली चामडी घडी खाली पडली आणि हत्यारं फरशीभर पसरली.

"तू इतका वेळ..." उस्ताद म्हणाले.

"कुणी विचारलं नाही," माई म्हणाल्या. "पण किल्ली मिळायच्या आधी दुसरा प्रश्न आहे. तो विचार."

थोरल्याने दाराकडे पाहिलं. "तिला काय झालंय?"

मग माईंनी सांगितलं. हलक्या आवाजात, घोरण्याच्या मधल्या फटींतून. हसता न येणारं तोंड, श्वास बघत जागून काढलेल्या रात्री, हातून बाळ पडण्याची भीती, निघून जावंसं वाटणं, उद्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं ठरलेलं. थोरला ऐकता ऐकता फरशीवरच बसला.

"मला वाटलं, माझ्यावर रागावलीय," तो म्हणाला. "म्हणून मी दुकानातच जास्त थांबायला लागलो."

"छान केलंस," माई म्हणाल्या. "आजपासून बाळाचं पहाटेचं दूध तुझ्याकडे. बाटलीला आकडा लागत नाही."

"अगं, हे सगळ्यांनाच होतं," ताई म्हणाली, पण जरा घाईने. "आम्ही नाही का बाळंत झालो? मला काही झालं होतं का?"

माईंनी लेकीकडे नुसतं पाहिलं. "तू माझ्याकडे होतीस तेव्हा घरातलं एकेक कुलूप उघडायचीस आणि परत बसवायचीस. दिवसभर. पोर रडायचं, तू स्क्रू मोजायचीस."

"तो सराव होता."

"हो का?"

ताई खाली वाकली आणि हत्यारं गोळा करायला लागली. बराच वेळ गोळा करत राहिली. हत्यारं काही तेवढी नव्हती. मग वर न बघता म्हणाली, "त्या मनाच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे माझ्याकडे."

"तुझ्याकडे कुठून?" धाकटा म्हणाला.

"आहे असाच."

"असाच कसा..."

"तुझ्या शर्टाचं बटण उलटं लागलंय," माई म्हणाल्या, आणि धाकटा बटणाकडे बघेपर्यंत ताईने फोन काढून नंबर थोरल्याला दिलासुद्धा. देताना म्हणाली, "गोळी दिली तर घ्यायला सांग. घाबरायचं नाही म्हणावं. बाळाला दूध पाजतेय हे मात्र आधी सांगायचं, म्हणजे त्या त्याप्रमाणे देतात. आणि फोटो राहू दे. मी परत येईन फोटोला."

फोटोग्राफरने खिडकीकडे पाहिलं. उजेड गेलाच होता. त्याने कॅमेऱ्याचं झाकण लावलं.

दार

घोरणं थांबलं ते दिवेलागणीला. पलंग करकरला. बोळात सगळे अवघडून उभे राहिले, जणू काही परीक्षेचा निकाल लागणार होता. थोरल्याच्या मांडीवर बाळ जागं होऊन त्याचं बोट चोखत होतं.

माईंनी किल्ली उस्तादांच्या हातावर ठेवली. "हिच्यासारखी अजून एक करा. एक तिच्याकडे राहील, एक माझ्याकडे."

"आणि मी?"

"तुम्ही वाजवा."

"काय वाजवू?"

"दार."

उस्तादांनी दाराकडे पाहिलं. पोलिसांच्या बोलावण्यावरून तिजोऱ्या उघडल्या होत्या त्यांनी, कोर्टात साक्षी दिल्या होत्या. पण घरातलं दार वाजवायचं म्हणजे नक्की कुठे आणि किती जोराने, याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी किल्ली माईंना परत दिली, बोट वाकवलं, आणि कुलपापासून जरा दूर, लाकडावर मारलं. टक. मग, जरा दम खाऊन, आणखी एक टक.

"कोण?" आतून आलं. झोपेतला, जड, पण मोकळा आवाज.

त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. उस्तादांनी मदतीसाठी मागे पाहिलं. कुणी मदत केली नाही.

"मी," ते म्हणाले. "कुलूपवाला."

आतून एक आवाज आला, छोटासा, नाकातून निसटलेला. थोरल्याने मान वर केली. तो आवाज त्याने बाळ घरी आल्यापासून ऐकला नव्हता.

"आत्ता उघडायचं नाहीये, उस्ताद."

"नाही नाही. उघडायला नाही आलो. चहा हवाय का, विचारायला आलो."

"चालेल. साखर कमी."

उस्ताद वळले. छाती जरा पुढे काढून, मेळाव्यातून परतावं तसे, बोळ ओलांडून स्वयंपाकघरात गेले. तिथे भांडी आपटली. एक फडताळ उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. मग हाक आली.

"अगं, चहाचा डबा कुठं असतो?"

माईंनी किल्ली कमरेला खोचली.

"शोधा," त्या म्हणाल्या. "त्याला कुलूप नाहीये."